पोरकी म्हणे

माझ्या आईला चपात्या लाटताना एकटीने अख्खं देऊळ गायची सवय होती. आमच्या जुन्या मराठी गायनाच्या पुस्तकात काही गीतांवर 'स्त्रिया', 'पुरुष', 'सर्व' असं छापलेलं असतं, म्हणजे कुठली ओळ कोणी म्हणायची ते. आई तिन्ही म्हणायची. स्त्रियांची ओळ आपल्या आवाजात, पुरुषांची हनुवटी छातीला टेकवून घोगऱ्या आवाजात, आणि 'सर्व' आलं की पोळपाटावर लाटणं आपटून असा सूर लावायची की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागे. मी तेव्हा कॉलेजात होते, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता आई नाही, आणि तो घोगरा आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायला मिळावा म्हणून जीव नुसता तुटतो.

आई बंगलोरला आली ती लग्न होऊन, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून. आम्ही मराठी ख्रिस्ती, निदान आईच्या पिढीतले, चर्चला देऊळच म्हणतो. तिच्या गावचं दगडी देऊळ रविवारी दारापर्यंत भरायचं. तबला, पेटी, झांजा आणि सतरंज्यांवर गच्च बसलेली माणसं. आणि इकडे जयनगरात आमच्या वाट्याला काय, तर महिन्यातला दुसरा रविवार आणि एका कानडी चर्चच्या मागचा हॉल. सकाळी कानडी उपासना, संध्याकाळी तमिळ, आणि मधल्या टळटळीत दुपारी घाम पुसत आम्ही मराठी. मोजून अकरा डोकी. त्यातली तीन चहासाठी येतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्या तिघांनासुद्धा. अकरा माणसांनी 'सर्व' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? आई तरी म्हणायची. घरी येऊन पदराने वारा घेत तेच ते वाक्य बोलायची, "भरल्या देवळात आजीचं गीत एकदा ऐकायला मिळालं ना, की सुटले मी."

आजीचं म्हणजे तिच्या आजीचं, माझ्या पणजीचं. त्याच्याकडे येते, पण आधी बाकीच्यांचं सांगते, कारण आईही तशीच सांगायची. गीतांपेक्षा ती लिहिणाऱ्यांच्या कहाण्याच तिला जास्त पाठ होत्या. त्यांची पतवंडं तिच्या गावात नांदत होती, आणि खेड्यात कुणाचं काय झाकून राहतं? पहिली गीतं म्हणे मडमांनी लिहिली. विलायती चाल तशीच ठेवून खाली मराठी शब्द बसवले. बसवले कसले, कोंबले! श्वास घ्यायचा तिथे शब्द अर्धा, आणि शब्द संपला तरी सूर आपला लोंबतोय. "बूट घालून फुगडी खेळल्यासारखं," आई म्हणायची. मग आपली माणसं लिहायला लागली. त्यातला एकजण तमाशात ढोलकी वाजवायचा. बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने ढोलकी सोडली, पण ठेका काही बोटांतून जाईना. प्रभूच्या जन्माचं गीत त्याने रचलं ते थेट लावणीच्या चालीवर. मंडळीच्या पंचांना मिरच्या झोंबल्या, त्यांनी त्याला सहा महिने देवळाच्या पायरीवर बसवलं. सातव्या महिन्यात नाताळ आला तर लोक दुसरं गीत म्हणायलाच तयार नाहीत. शेवटी पंचांनी तोडगा काढला की गीत तेच, पण सावकाश म्हणायचं. "अजून सावकाशच म्हणतात, पण बायकांची पदराआडची बोटं बघावीत," असं सांगताना आईची स्वतःची बोटं परातीवर वाजत असायची.

एक शाळामास्तर होते. बायकोच्या प्रत्येक बाळंतपणाला त्यांनी एक गीत लिहिलं. गीतं झाली नऊ, मुलं जगली चार. कुठलं गीत कुठल्या मुलाचं हे आईला ठाऊक होतं, आणि न जगलेल्यांची गीतं म्हणताना ती लाटणं आपटत नसे.

पणजी ही दुष्काळात मिशनच्या बैलगाडीला रस्त्याकडेला सापडलेली मुलगी. वय चार की पाच, कोण सांगणार? शेजारी तिची आई आडवी होती, ती काही उठली नाही. अनाथाश्रमात मुलीला नवं नाव मिळालं, वाढदिवस मिळाला, अक्षरं मिळाली. जुनं नाव तिला आठवत नव्हतं. तिची आई हाक मारायची त्या हाकेचा सूर आठवायचा, शब्द नाही. मोठी झाल्यावर ती खेडोपाडी फिरून बायकांना वाचायला शिकवू लागली आणि फिरता फिरता गीतं जुळवू लागली. त्यातलं एक मडमेने कागदावर उतरवून घेतलं. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे, अमुक म्हणे, तमुक म्हणे. मडमेला ती माहीत होती. ती म्हणाली, तूही घाल तुझं नाव. पणजीने आश्रमाने दिलेलं नाव घातलं नाही. तिने घातलं ते असं:

पोरकी म्हणे उंबऱ्यात
कोणी धरिला माझा हात

पुस्तकाच्या शेवटी गीतकारांची यादी आहे. पणजीच्या गीतापुढे तिथे 'अज्ञात' असं छापलंय. म्हणजे ही बाई या जगात होऊन गेली, तिने काही रचलं, याची खूण म्हणाल तर गीतातला 'पोरकी' हा एवढा एक शब्द.

आता पंचाईत अशी की कानडीत पोर्की म्हणजे मवाली. नाक्यावर उभा राहून शिट्ट्या मारणारा, उनाड, वाया गेलेला. आमच्या घरमालकीणबाई मराठीच, पण त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कानडीत भिजलेली. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. एकदा जिन्यात मला थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "तुमची आई सकाळी सकाळी देवाच्या गाण्यात पोर्की कुणाला म्हणतात गं?" मी म्हटलं, पणजीला. अय्यो म्हणून बिचाऱ्यांनी तोंडावर हात ठेवला. मी हसत वर गेले. तेव्हा मला ते हसण्यावारी नेता येत होतं, कारण ते घरातल्या घरात होतं.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागले त्या वर्षी कॅसेटची टूम निघाली. त्या कानडी चर्चच्या गायकवृंदाला एक मास्टर होते. बँकेत नोकरी, मराठी शून्य, पण आमच्या जुन्या चालींवर माणसाचा भारी जीव. आमची अकरा डोक्यांची उपासना ते मुद्दाम दाराशी उभे राहून ऐकायचे. त्यांनीच ठरवलं की आपल्या कानडी-तमिळ मुलामुलींना घेऊन जुन्या मराठी गीतांची एक कॅसेट करायची. चाली आईने शिकवायच्या, आणि शेवटचं गीत पणजीचं. आईने त्या दिवशी साजूक तुपातल्या शेवया केल्या, घरात कुणाचं लग्न ठरल्यासारख्या. गाणाऱ्या मुलांना देवनागरी वाचता येत नव्हतं, म्हणून शब्द कानडी लिपीत उतरवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या तालमीला आईने चाल म्हणून दाखवली. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचं कडवं आलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग काय, सगळी बाकंच्या बाकं. मास्टरांनी दटावलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. ते आईला म्हणाले, अम्मा, हा शब्द स्वल्प बदलायचा का? आईचं कानडी भाजी घेण्यापुरतं. कोथिंबिरीची जुडी आणि टोमॅटो ताजे आहेत का, एवढंच. त्या तेवढ्या कानडीत तिने त्यांना दुष्काळ सांगितला, बैलगाडी सांगितली, न उठलेली आई सांगितली. मग तिचे कानडी शब्द संपले, तेव्हा ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "त्यांना सांग, लेकराचा हात कुणीही धरतं. पोरकीचा कोण धरतो? गीत तेवढंच आहे." मी ते कानडीत सांगितलं. मास्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सरी अम्मा, हागे इरली." बरं, असंच राहू दे. वर हेही ठरवलं की ते कडवं पणतीनेच एकटीने म्हणायचं, म्हणजे मी.

आई जिंकली होती. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण त्या मुलांतले दोघे माझ्याच कंपनीच्या बसला होते. सोमवारी मी पायरीवर पाय ठेवला आणि मागच्या सीटवरून सुरात आलं, "पोर्की म्हणेऽऽ!" अख्खी बस हसली. ज्यांना गीत माहीत नव्हतं तेही हसले, तेच जास्त हसले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी ऑफिसातल्या एका मुलीने मला कॉफी प्यायला चल म्हणताना त्याच नावाने हाक मारली. शहाणी असते तर दोन कानफटात दिल्या असत्या. मी बावीस वर्षांची होते, नोकरी नवी होती, आणि मला रडू यायचं ते फक्त घरी आल्यावर.

त्याच आठवड्यात आई धुण्याच्या दगडाशी घसरली आणि तिचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. पुढच्या तालमींना मी एकटीच जाणार होते. गीतांचे कागद लिहायला बसले, शेवटच्या कडव्याशी आले आणि हात थांबला. मी 'लेकरू' लिहिलं. लेकरू म्हणे उंबऱ्यात. अक्षरं कशी चोख बसली! मला वाटलं, काय हुशार गं बाई मी. आईच्याच वाक्यातला शब्द उचलला होता, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मास्टरांनी कागद पाहून विचारलं, इथे शब्द दुसरा कसा? मी म्हटलं, अम्मांनीच बदलला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण ते सरी म्हणाले.

भिंतींना गोणपाट ठोकलेल्या एका खोलीत रेकॉर्डिंग झालं. खोटं कशाला बोलू, मी छान गायले. कुणी हसलं नाही.

कॅसेट घरी आली तेव्हा आई प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. पहिल्यापासून ऐकली तिने, डोळे मिटून, प्रत्येक गीताबरोबर ओठ हलवत. शेवटच्या कडव्याला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिचे ओठ 'पोरकी' म्हणाले आणि टेपमधून मी 'लेकरू' म्हणाले. तिने डोळे उघडले. कॅसेट संपून खरखर सुरू झाली तसा तिने टेप बंद केला. मग म्हणाली, "आवाज छान लागलाय तुझा," आणि चहा टाकायला सांगितलं.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, प्लॅस्टर निघालं की ही जाऊन मास्टरांना जाब विचारणार, आणि माझं बिंग फुटणार. प्लॅस्टर निघालं आणि दुसरा रविवार आला. मास्टर समोरून आले, कॅसेट किती सुंदर झाली म्हणाले. आई म्हणाली, "हो, छान झाली." बस्स. त्या नाताळात तिने त्यांना करंज्यांचा डबा पाठवला, सारण अगदी ठासून भरलेल्या करंज्यांचा. मी मनाशी म्हटलं, हिला वाटतंय की हे मास्टरांनी केलं, आणि हिने त्यांना माफही करून टाकलं. केवढं मोठं मन माझ्या आईचं! आणि त्या मोठ्या मनाच्या आडोशाला मी आरामात राहिले. शरम वाटते सांगायला, पण सुटल्यासारखं वाटलं होतं मला. मग बऱ्याच महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. आई चपात्या लाटताना बाकी सगळी गीतं म्हणायची, पणजीचं तेवढं म्हणत नव्हती.

तीन वर्षं गेली. आईच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघी तिच्या गावाला गेलो. आजी-आजोबा वारल्यावर तिचं जाणंच खुंटलं होतं. दौंडला गाडीतून उतरलो तेव्हापासून ती बोलत सुटली होती, हे झाड तेव्हा नव्हतं, ही विहीर तेव्हा होती. लग्न शनिवारी झालं. रविवारी सकाळी घंटा व्हायच्या आधीच ती देवळात जाऊन बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली, मी तिला चिकटून. देऊळ भरलं, दारापर्यंत भरलं. ज्यांना ती ओळखत होती अशी जुनी माणसं फार उरली नव्हती. सगळे नवे, तरुण चेहरे. तबला लागला. पाळकसाहेबांनी सांगितलं, आता आपल्या मंडळीचं आवडतं गीत, आणि पेटीवर पणजीच्या गीताची चाल सुरू झाली.

आईने माझं मनगट धरलं. स्त्रियांची ओळ तिने सगळ्यांबरोबर म्हटली. पुरुषांची ओळ आली तेव्हा ती गप्प बसली, कारण ती म्हणायला पुरुष होते. पन्नास-साठ घोगरे आवाज, खरे. ती नुसती ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मीही रडत होते. मला वाटलं, मिळालं, हिला हवं होतं ते सगळं मिळालं.

शेवटचं कडवं आलं. अख्खं देऊळ एका आवाजात म्हणालं, "लेकरू म्हणे उंबऱ्यात." त्यात एकच आवाज वेगळा होता.

पुढे बसलेली तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी मागे वळली. लाल रिबिनी, हातात वही. मोठ्या मायेने कुजबुजली, "मावशी, 'लेकरू' आहे ते. हे बघा." आणि तिने वहीचं पान आईपुढे धरलं. "जुनी पुस्तकं फाटली ना, म्हणून आम्ही कॅसेटवरून उतरवून घेतलंय. बंगलोरची कॅसेट आहे."

आईने पान पाहिलं. म्हणाली, "हो का गं बाई? माझं चुकलं."

शेवटचं कडवं आमच्यात तीनदा म्हणतात. दुसऱ्यांदा आईने सगळ्यांबरोबर 'लेकरू' म्हटलं. तिने, तिच्या आजीच्या देवळात! तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं आणि जीव खाऊन 'पोरकी' म्हणाले. इतक्या मोठ्याने की तबलजीने मान वर केली. रिबिनीवाली पुन्हा वळली आणि एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली. या बंगलोरकडच्या बायकांना एकदा सांगून कळत कसं नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

उपासना सुटल्यावर बाहेर चपलांच्या ढिगाशी मी आईला गाठलं. "आई, ते मास्टरांनी नाही केलं. मी केलं. मीच लिहिलं होतं."

ती पायाने चप्पल शोधत होती. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"टेपवर ऐकलं तेव्हापासून. अगं, त्या कानडी माणसाला 'लेकरू' शब्द कुठून सुचणार?"

"मग मला बोलली का नाहीस? मारायचं होतंस मला!"

"काय बोलू? तुला लाज वाटली होती त्याची," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "आणि लाजेने म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं."

मी तिथे भर उन्हात, लोकांच्या गर्दीत, लहान पोरीसारखी रडले. मग डोळे पुसले, त्या रिबिनीवालीला हाक मारली, तिच्याकडून वही आणि पेन मागून घेतलं आणि 'लेकरू' खोडून वर ठळक अक्षरांत 'पोरकी' लिहिलं. एक वही सुधारली. ती कॅसेट आणखी किती गावांत गेली होती, देव जाणे. आमच्या अकरा जणांनीच मोठ्या हौसेने आपापल्या माहेरी-सासरी धाडली होती.

मुलीला काही पटलेलं दिसलं नाही. शब्दावर बोट ठेवून तिने आईला विचारलं, "पण मावशी, ही पोरकी कोण?"

"माझी आजी," आई म्हणाली, आणि तिथेच, एका पायात चप्पल नि एक पाय मातीत, तिला दुष्काळापासून सांगायला लागली.